मागे राहिलेला सोबती

आमच्या शेजारचे शेषराव कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसले, की आधी आरसा नीट करतात. आरसा म्हणजे केस विंचरायचा नव्हे. बसच्या डाव्या अंगाला असतो तो, लांबट, काळ्या कडांचा, भंगारवाल्याकडून आणलेला. लोखंडी पट्टी ठोकून तो त्यांनी टेबलाच्या कडेला पक्का केला आहे. पडद्यावरच्या गेमशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्यात स्वयंपाकघराचं दार दिसतं, दारामागचं कॅलेंडर दिसतं, आणि अधूनमधून चहा घेऊन येणाऱ्या कमलाकाकू दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबत विचारलं, "भाऊ, हा कशाला?" शेषराव मान न वळवता म्हणाले, "मांगचं दिसाले पाह्यजे, मास्तर. समोरचं तर कोनालेही दिसते."

शेषराव निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात लाल गाडी चालवण्यात गेली, तीही आमच्या शिरपूरवरून जाणाऱ्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर. देवळाला येणारे यात्रेकरू, बाजारकरी, शाळेची पोरं, सगळी त्यांनी ने-आण केली. निवृत्तीनंतर माणसाला दुपारी झोप लागते असा माझा समज होता. शेषरावांना लागली नाही. ते दुपारी उठून पारावर जायचे आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर कसा चुकला ते लोकांना सांगायचे. लोक कंटाळले. कमलाकाकू तर फारच कंटाळल्या. शेवटी पुण्याच्या मुलाने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना घरी पाठवून दिला. त्यात एक गेम होता.

गेम म्हणजे एक अवाढव्य राज्य. डोंगर, नद्या, किल्ले, भुतंखेतं, आणि वरून आग ओकत फिरणारा एक राक्षस. आपण योद्धा व्हायचं, घोड्यावर बसायचं आणि वाटेल तिकडे जायचं. अमुक ठिकाणी अमुक वेळेला पोच असं कोणी म्हणत नाही. आपल्या दिमतीला एक सोबती मिळतो. तो आपल्या मागून चालतो, आपल्यासाठी लढतो, आपलं ओझं उचलतो. शेषरावांच्या सोबत्याला कंपनीने भलंमोठं इंग्रजी नाव दिलं आहे. दाढीवाला, धिप्पाड, हातात कुऱ्हाड. शेषराव त्याला कंडक्टर म्हणतात.

अशा मोकळ्या रानात सोडलेला माणूस उधळेल असं तुम्हाला वाटेल. शेषराव उधळले नाहीत. त्यांनी राज्याचा नकाशा पाहिला, एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत रस्ता ठरवला, आणि त्या रस्त्याने रोज घोडा नेऊ लागले. जाऊन येऊन. प्रत्येक गावात थांबा. तिथं चढणारं कोणी नाही, उतरणारं कोणी नाही, तरी थांबा. शेतातून घोडा घालत नाहीत, कारण लोकांच्या पिकात जनावर घालू नये. घोडा उभा करतात तो तोंड रस्त्याकडे करून. नकाशावर बोट ठेवलं की क्षणात तिथे पोचायची सोय त्या गेममध्ये आहे. ती मी दाखवली तर म्हणाले, "मंग रस्ता कायले बांधला?"

तिकडे राजा केव्हाचा वाट पाहतोय, राक्षसाने गावं जाळलीत, आणि आमचा योद्धा झाडाखाली थांबलेला. का, तर कंडक्टरची जेवायची वेळ झाली. ते योद्ध्याच्या पिशवीतली भाकरी कंडक्टरच्या पिशवीत टाकायचे, आणि स्वतः कमलाकाकूंनी दिलेली ज्वारीची भाकरी अन् ठेचा खाऊन घ्यायचे. कंडक्टर पुतळ्यासारखा उभा. त्याला भूक नाही, तहान नाही, घाम नाही. हा शेषरावांचा पहिला आक्षेप. "ज्याले भूक लागत नाई थो सोबतीचा मानूस कसा?"

दुसरा आक्षेप ओझ्याचा. बाकीचे खेळणारे सोबत्यावर वाटेल तेवढी लोखंडी चिलखतं लादतात, तो गुमान वाहतो. शेषरावांनी त्याच्यावर कधी एक सुरीही लादली नाही. सगळं स्वतःच्या योद्ध्याच्या पाठीवर. त्यामुळे त्या योद्ध्याला पळता येईना. तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोट बिघडलेल्या माणसासारखा हळूहळू चालत जायचा. मी म्हटलं, "भाऊ, द्या ना थोडं त्याच्याकडे, तो काही नाही म्हणत नाही." तर म्हणाले, "नाई म्हनत नाई, थेच तर चुकलं हाये त्याचं."

तिसरा आणि सगळ्यात मोठा आक्षेप घंटीचा होता. ज्यांनी लाल गाडीचा प्रवास केला त्यांना हे शास्त्र ठाऊक आहे. छताला दोरी असते. कंडक्टरने ती एकदा ओढली की गाडी थांबवायची, दोनदा ओढली की काढायची. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही, घंटीवर विश्वास ठेवायचा. शेषरावांच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की लग्नाच्या पंगतीत ताटात जिलबी पडली तरी ते वाढप्याला विचारायचे, "डबल झाली का?" कमलाकाकूंसोबत बाजाराला निघताना उंबऱ्यावर थांबायचे. काकू आतून दोनदा "हो, हो" म्हणाल्या की मगच पाय बाहेर. एकदाच "हो" म्हणाल्या तर उभेच. आणि या गेमातला कंडक्टर काही म्हणतच नव्हता. घोडा हलला की मुकाट्याने मागे. त्याच्याकडे सारी मिळून चार वाक्यं. "मी तुमच्यासोबत आहे." "पुढे चला." "इथं काहीतरी गडबड आहे." आणि उगाचच, "आज थंडी आहे."

मी शाळेत गणित शिकवतो. इंग्रजी बेताचं, पण आमच्या गल्लीत तेच सगळ्यात बरं. त्यामुळे एका रविवारी शेषरावांनी मला खुर्चीवर बसवून गेमच्या कंपनीला सूचना लिहायला लावल्या. असल्या गेमच्या लोकांची एक जागा असते इंटरनेटवर, तिथे जगभरचे खेळणारे आपापली गाऱ्हाणी मांडतात. बाकीच्यांना नव्या तलवारी हव्या होत्या, घोड्याला पंख हवे होते. शेषरावांना सोबती सुधारायचा होता. ते मागे येरझारा घालत सांगायचे आणि मी भाषांतर करता करता घामाघूम व्हायचो. सोबत्याला भूक लागावी. ओझं जास्त झालं तर त्याने खाली टाकावं. ज्या गावातून आपण काल गेलो ते गाव त्याने ओळखावं, तिथल्या म्हातारीचं नाव सांगावं, कारण पाशिंजराची माहिती कंडक्टरलेच असते. आपण चोरी केली तर त्याने तोंड फिरवावं. आणि निघण्याआधी त्याने दोनदा इशारा द्यावा. इथे मी थकून म्हटलं, या शेवटच्याचं इंग्रजी मला जमणार नाही. ते म्हणाले, जमवा.

एवढं झाल्यावर ते येरझारा थांबवून म्हणाले, "अजून एक लिवा. मांगं राह्यला तर त्यानं शिवी द्याव."

हे कशावरून आलं ते सांगतो. त्या गेममध्ये सोबती मागे राहतो. नदीत पडतो, दाराशी अडकतो, कड्यावर उभा राहतो. आपण बरंच पुढे गेलो की कॉम्प्युटरच त्याला उचलून आपल्या मागे आणून ठेवतो. तो जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने म्हणतो, "पुढे चला." दुसऱ्या कुणाला ही सोय वाटेल. शेषरावांचा त्याने जीव जायचा. असं झालं की ते कीबोर्डवरून हात उचलून घ्यायचे. घोडा रस्त्यात उभा, राक्षस डोक्यावर, आणि हे त्या दाढीवाल्याकडे बघत बसायचे.

मी सूचना लिहिली. पलीकडून कोणा परदेशी खेळणाऱ्याचं उत्तर आलं की सोबती चिडायला लागला तर लोक गेम सोडून देतील, करमणूक म्हणून खेळतो आपण. मी ते वाचून दाखवलं. शेषराव म्हणाले, "लिवा त्याले. ज्याले शिव्या खायाच्या नसन त्यानं एकट्यानं फिराव." मी तेही लिहिलं. त्या वाक्याला तिकडे बऱ्याच लोकांनी अंगठे दाखवले. शेषरावांना ते अंगठे दाखवले तर त्यांना वाटलं लोक चिडवून राहिले. समजावता समजावता माझा चहा गार झाला.

हसण्यावारी नेत होतो मी हे सगळं. शाळेत सहकाऱ्यांना सांगायचो, आमच्या शेजारी एक ड्रायव्हर आहे, तो राक्षसाला सोडून कंडक्टर सुधारतोय. एक दिवस अंगणात फोनवर हे बोलताना कमलाकाकूंनी ऐकलं. संध्याकाळी भाजी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, त्याइले गुलाबरावाचं विचारू नका कधी." मी कोण गुलाबराव असं विचारायच्या आत त्या गेल्यासुद्धा.

आता असं सांगितल्यावर कोण गप्प बसेल? मी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

शेषरावांनी गेम थांबवला. आधी वाटलं चिडले. पण मग ते बोलायला लागले, आणि एखादी गोष्ट मनात फार वेळा बोलून झालेली असते तसं सलग बोलले.

गुलाबराव त्यांचे कंडक्टर. आसेगावचे. डेपोत ड्यूट्या बदलत राहायच्या, पण हे दोघं साहेबाला गळ घालून एकाच गाडीवर राहायचे. डबा एक, मुक्कामी अंथरूण एक. गुलाबराव तोंडाचे फाटके. शेषरावांनी ब्रेक जोरात मारला की मागून अस्सल शिवी यायची, अख्खी गाडी हसायची. आणि दोघांचा एक खेळ होता. थांब्यावर गुलाबराव कोणाचं गाठोडं उतरवायला खाली उतरले, की शेषराव मुद्दाम गाडी जराशी पुढे सरकवायचे. गुलाबराव शिव्या देत पळत यायचे, दाराचा दांडा धरायचे, पत्र्यावर थाप मारायचे. थाप ऐकली की शेषराव गिअर बदलायचे. वर्षानुवर्षं चाललं होतं.

एकदा जऊळक्याच्या थांब्यावर गाडी खच्चून भरलेली. गुलाबराव एका म्हातारीचं पोतं रस्त्याच्या कडेपर्यंत न्यायला उतरले. आत कोणाच्या तरी डोक्यावरचं बोचकं दोरीत अडकलं आणि घंटी दोनदा वाजली. शेषरावांनी गाडी काढली.

"आरशात दिसला होता मले," शेषराव म्हणाले. "पळून राह्यला होता. हात वर केल्ता त्यानं. मले वाटलं येते, रोज येते तसा. थाप आयकाले थांबलो नाई. त्याचं आता वय झालं हे माह्या ध्यानातच नाई आलं, मास्तर. माहंही झालंच होतं ना."

गाडीत कोणी बोललं नाही. ज्यांची तिकिटं निघायची होती ते तर मुळीच बोलले नाहीत. गाडी शिरपूरला आली तेव्हा कंडक्टर नाही हे उघड झालं. बऱ्याच वेळाने सोयाबीनच्या पोत्यांवर बसून, मांडीवर पैशांची पिशवी घट्ट धरून गुलाबराव ट्रॅक्टरमधून आले. स्टँडवरची झाडून सगळी माणसं हसली. "सगळ्याइच्या आंधी मी हासलो," शेषराव म्हणाले.

गुलाबराव त्या दिवशी शिवी न देता गाडीत चढले. पुढे चौकशी लागली. साहेबाने विचारलं, कंडक्टर खाली आहे हे तुम्हाला दिसलं नाही का? शेषरावांनी सांगितलं, दिसलं नाही, घंटी झाली होती. नोकरीला डाग लागू नये म्हणून म्हणालो, असं ते मला म्हणाले, आणि मग म्हणाले, डाग लागला असता तर काय झालं असतं. दोष गुलाबरावांवर गेला, गाडी सोडून उतरल्याचा. त्यांची दुसऱ्या डेपोला बदली झाली. तिथेही गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती. लोक चढता चढता विचारायचे, "गुलाबभाऊ, तुमी बसले ना?" असा तोंडाचा फाटका माणूस, तो म्हणे त्यानंतर गाडीत तिकिटापुरतंच बोलायचा. शेषराव त्यांना भेटायला गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोघंही निवृत्त झाले.

माझा स्वभाव जरा आगाऊ आहे. गणित सुटत नसेल तर मला चैन पडत नाही. मी म्हटलं, कंपनीला काय लिहिता, आसेगावला चला. जे मला सांगितलं ते त्यांना सांगा. शेषरावांनी नाना कारणं काढली. कंबर दुखते, गाड्या वेळेवर नाहीत, त्याचं पोरगं काय म्हणेल. कमलाकाकूंनी आतून त्यांचा इस्त्रीचा शर्ट आणून खुर्चीवर ठेवला. आम्ही गेलो.

गाड्या बदलत जायचं होतं. शेषराव ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसले. प्रत्येक थांब्यावर त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा आणि कंडक्टर वर चढेपर्यंत ते दाराकडे मान वळवून बघत राहायचे. बाजूच्या बाईने मला हळूच विचारलं, यांना गाडी लागते का.

गुलाबरावांचं घर स्लॅबचं, नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याला ताजा हार. गुलाबराव बारीक झाले होते, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी आम्हाला बघितलं, ओळखलं, आणि उठून उभे राहिले. "या. बसा," म्हणाले. सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा पाहुण्यांच्या कपांत आला, फुलंफुलं असलेल्या. मुलं काय करतात, कमलाबाई कशा आहेत, पाऊसपाणी कसं आहे, सगळं रीतसर विचारून झालं. मी वाट बघत होतो.

शेवटी शेषरावांनी कप खाली ठेवला. "गुलाब, थ्या दिवशी तू मले आरशात दिसला होता. मी साह्यबापुढं खोटं बोललो."

गुलाबराव त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता येतंय. शेषरावांनाही वाटलं असावं, कारण ते खुर्चीत पुढे सरकले आणि मान जराशी खाली घातली, फटका झेलायला घालावी तशी.

"जाऊ द्या," गुलाबराव म्हणाले. "लय दिवस झाले. घ्या, चहा थंडा होऊन राह्यला."

आणि त्यांनी मला विचारलं की शाळेत हल्ली पोरं किती येतात. आम्ही निघालो तेव्हा ते गुडघा सांभाळत फाटकापर्यंत आले. "सावकाश जा," म्हणाले. शेषराव फाटकाबाहेर तसेच उभे राहिले, अजून काही बाकी असल्यासारखे. गुलाबरावांनी नमस्कार केला आणि आत गेले.

स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर मी समजुतीचं काहीतरी बोललो. माणूस मोठ्या मनाचा आहे, माफ केलं, वगैरे. मास्तर लोकांना असलं बोलता येतं. शेषराव समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"मास्तर, त्या कंपनीले आता काई लिवू नका," ते म्हणाले. "त्याइचं काई चुकलं नाई. त्याइनं बरोबर बनवला त्याले. मांगं सोडलेला मानूस असाच होते."

मी त्या सूचना हसत लिहिल्या होत्या याचं वाईट वाटलं, आणि याहून जास्त वाईट याचं वाटलं, की त्या गुलाबरावांच्या तोंडून एकदा तरी अस्सल शिवी ऐकायला हवी होती असं मलाही वाटायला लागलं होतं.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण पुढच्याच आठवड्यात शेषराव इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले दिसले. मी विचारलं कुठे, तर म्हणाले आसेगावले. तेव्हापासून दर आठवड्याला जातात. माफी पुन्हा मागत नाहीत. नुसते जाऊन बसतात. गुलाबराव चहा देतात, पाऊसपाणी विचारतात, सावकाश जा म्हणतात. शेषराव परत येतात आणि काकू काही न विचारता ताट वाढतात. गेम आता फारसा होत नाही. कॉम्प्युटरवर काकूंनी भरतकामाचं कापड टाकलं आहे.

परवा ते गाडीतून उतरले ते घरी न जाता थेट माझ्याकडे आले. मी अंगणात पेपर तपासत होतो. चेहरा असा की मला वाटलं पुण्याच्या मुलाकडे काहीतरी गोड बातमी आहे.

"मास्तर, आज म्या त्याले म्हनलं, चाहात साखर कमी हाये. तर मले म्हने, मंग घरून घेऊन येत जा, फुकट्या."

हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग कुंपणापलीकडून काकूंना सांगितलं. मग रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याला थांबवून सांगितलं, त्याला तर काहीच कळलं नाही. मी हसलो, पाठीवर हात ठेवला, म्हटलं, भाऊ, सुरुवात झाली की.

ते बाजेवर टेकले. चपला काढल्या, पाय चोळले. प्रवास काही जवळचा नाही आणि त्यांचंही वय झालं आहे.

"झाली," ते म्हणाले. "पन त्याचा गुडघा आता लय खराब झाला, मास्तर. अन् मलेही बसनं होत नाई गाडीत. शिवीपरेंत जाईस्तोवर टाइम भेटते का नाई, कोनाले मालूम."